निप्टन विक्रीला निघालंय आणि सगळे फक्त नटीचं नाव विचारतायत

रानवारा

'वाळवंटातलं गाव विकत घ्यावं का?' या धाग्यावर हिशोबी_माणूस यांनी जे लिहिलंय ते वाचून मला दोन दिवस चैन पडलं नाही, तिथेच उत्तर लिहायला बसले तर ते इतकं लांबलं की शेवटी वेगळा धागा काढतेय. निप्टन म्हणजे कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातलं एक चिमुकलं गाव. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी त्यांचे शब्द जसेच्या तसे: "निप्टन पावणेतीन मिलियनला विकायला काढलंय. पाच खोल्यांचं हॉटेल, एक दुकान, थोडे तंबू आणि मूकपटातल्या एका नटीचं नाव. ती नटी आज कोणाला आठवत नाही. शहाण्या माणसाने त्यात पडू नये. वाळवंट गिळतंय तर गिळू दे."

गिळू दे? मी तिथे तीनदा राहिलेय हो.

पहिल्यांदा २०१२ ला. बाबा आले होते भारतातून. बाबा म्हणजे भुसावळच्या लोको शेडमध्ये अख्खी नोकरी काढलेला माणूस, वेगासला त्यांचा जीव रमेना, सारखं "चल परत" चाललेलं. म्हणून परतीच्या वाटेवर आय-१५ हायवे सोडून निप्टन रोडला वळलो, दहा-अकरा मैल आत, नेवाडाच्या हद्दीला अगदी चिकटून. हॉटेल म्हणजे बैठं घर, समोर व्हरांडा, आत पाच खोल्या आणि बाथरूम सामाईक. आई म्हणाली हे कसलं हॉटेल, आपल्या गावच्या धर्मशाळेत तरी बरं होतं. पण हॉटेलच्या समोरूनच युनियन पॅसिफिक रेल्वेचा रूळ जातो! रात्री पहिली मालगाडी आली तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या, मी दचकून उठले तर बाबा खोलीत नाहीत. व्हरांड्यात खुर्ची टाकून, अंगावर शाल घेऊन डबे मोजत बसलेले. सकाळी चहाच्या वेळी सांगतात, चार गाड्या गेल्या, सगळ्यात लांब होती तिला एकशे अठरा डबे, पुढे तीन इंजिनं आणि मागून ढकलायला एक. संबंध अमेरिका ट्रिपमध्ये त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू मी तेवढं एकदाच बघितलं. बाबा २०१७ ला गेले.

तर नटीचं म्हणाल तर क्लारा बोचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी विसरले. त्या जागेचा खरा माणूस जेराल्ड फ्रीमन. भूगर्भशास्त्रज्ञ, सोनं शोधत त्या भागात फिरायचा, आणि ८० च्या दशकात दोन लाख डॉलर देऊन अख्खं गाव घेतलं. अख्खं गाव म्हणजे काय, पडकं हॉटेल, पडकं दुकान आणि ऐंशी एकर. बायकोला घेऊन तिथे राहिला, हॉटेल उभं केलं, झाडं लावली, पुढे सोलर पॅनलं बसवली. २०१६ ला गेला. म्हणजे तीस वर्षं. आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात कोण, तर येता-जाता मुक्काम करणारी नटी.

माझं म्हणणं एवढंच आहे की अशी जागा विकताना नावाची किंमत लावू नका आणि खोल्यांचीही लावू नका. तिथे राहणारा माणूस मिळाला तर जागा जगते, नाही मिळाला तर मरते. कॅलिफोर्नियाच्याच वाळवंटातल्या डेथ व्हॅली जंक्शनचं बघा. मार्टा बेकेट, न्यूयॉर्कची नर्तकी, १९६७ ला गाडीचं टायर पंक्चर झालं म्हणून थांबली, बोरॅक्स कंपनीचा ओस पडलेला हॉल दिसला आणि तो भाड्याने घेऊन तिथेच राहिली. बघायला माणूस येईना तर तिने भिंतींवर प्रेक्षक रंगवले! राजा, राणी, जोगिणी, सगळे बसलेत बाल्कनीत. त्यांच्यासमोर नाचायची. २०१२ पर्यंत नाचली, २०१७ मध्ये ९२ व्या वर्षी गेली. आज लोक तिथल्या अमरगोसा हॉटेलला जातात ते तिच्यामुळे. ती आधी राहिली, नाव मागून आलं.

हिशोबी_माणूस

वेगळा धागा काढलात त्याबद्दल आभार. वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, ते मनापासून. पण माझं वाक्य तुम्ही अर्धंच लावून धरलंय, त्याच पोस्टमध्ये खाली हिशोब दिला होता तो गाळलात.

परत देतो. मी वेगासजवळ हेंडरसनला राहतो, गेली चौदा वर्षं छोट्या हॉटेलांच्या कर्जाच्या फायली बघतो, हेच माझं काम. पाच खोल्या. समजा वर्षातली एकही रात्र रिकामी नाही, जे शक्य नाही, आणि १०० डॉलर भाडं. झाले १ लाख ८२ हजार ५००. पावणेतीन मिलियनवर सहा टक्क्याने नुसतं व्याज १ लाख ६५ हजार. उरले साडेसतरा हजार. त्यात साफसफाईचा माणूस, चादरी, पाण्याचा पंप, सेप्टिक, विमा. तंबू आणि आरव्ही पार्क (घरगाड्या लावायची जागा) धरा, दुकानातली लॉटरी धरा, तरी जुळत नाही. आणि विम्याचं बोलूच नका, २०२० च्या ऑगस्टात त्याच मोहावीत सिमा डोमचा जोशुआ झाडांचा टापू जळला, ४३ हजार एकर, तेरा लाखाच्या आसपास जोशुआची झाडं गेली. त्यानंतर तिथल्या जुन्या लाकडी छपराला कोण कंपनी स्वस्तात विमा देणार सांगा.

आणि लोकांनी प्रयत्न केले नाहीत असंही नाही. २०१७ ला गांजा कंपनीने पाच मिलियनला घेतलं, गावाचं गांजा-रिसॉर्ट करणार म्हणून जगभर बातम्या. सात-आठ महिन्यांत पुढच्या कंपनीला विकलं, त्यांचेही पैसे थकले, आणि गाव फिरून फ्रीमनच्या पत्नीकडे परत आलं. तुमची भावना मला कळते. पण भावनेने सेप्टिक टँक उपसला जात नाही.

उंबरा

दोघांच्याही बोलण्यात क्लारा बो म्हणजे 'कोण ती नटी' झालीय, ते मला पटत नाही म्हणून लिहितोय. ब्रुकलिनच्या अत्यंत गरीब घरातली मुलगी, १९२१ ला मासिकाची स्पर्धा जिंकून सिनेमात आली, विशीच्या आत-बाहेर अख्ख्या हॉलिवूडची सगळ्यात जास्त पत्रं येणारी नटी झाली, आणि त्याच हॉलिवूडने आणि पेपरवाल्यांनी तिचं खाजगी आयुष्य चव्हाट्यावर मांडून तिला पार मोडून टाकलं. १९३१ मध्ये रेक्स बेलशी लग्न केलं आणि दोघं नेवाडात सर्चलाइट गावाजवळ वाळवंटात रँच बांधून राहिले. वॉकिंग बॉक्स रँच. १९३३ नंतर सिनेमा बंद. तेव्हा वय किती, अठ्ठावीस!

म्हणजे ती बाई तिथे कशाला आली होती? लोकांच्या नजरा चुकवायला. निप्टन त्या रँचपासून जवळ, म्हणून तिथे येणं-जाणं. आणि आज त्याच जागेला तिचं नाव लावून गिऱ्हाईक बोलवायचं. मला त्याचा त्रास होतो. खोलीला तिचं नाव देताना एकाने तरी विचार केला का, की तिला हे आवडलं असतं का?

रानवारा

उंबरा, हा कोन माझ्या डोक्यातच आला नव्हता. 'दुसऱ्या दिवशी विसरले' असं मी लिहिलं ते मागे घेते.

मिरजकर

सगळं ठीक आहे पण मूळ मुद्दा कोणी बोलत नाहीये. हेच गाव एखाद्या पटेलाच्या नजरेस पडलं असतं ना तर एव्हाना चालू झालं असतं. अमेरिकेतल्या साठ टक्के हॉटेल-मोटेलांचे मालक आज आपले भारतीय, त्यात बहुतेक गुजराती. मराठी किती? बोटावर मोजा. आपण कोडिंग करणार, ग्रीन कार्डच्या रांगेत पंधरा वर्षं उभे राहणार, आणि वीकेंडला मंडळात नाटक बसवणार. पावणेतीन मिलियन म्हणजे काय, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या आपल्याच दोन लोकांची घरं विकली तर येतात. पण हिंमत नाही. हिशोबी साहेबांसारखे लोक कॅल्क्युलेटर घेऊन बसतात, तिकडे ते लोक कॅल्क्युलेटर न बघता उडी मारतात. मराठी माणसाला धंदा जमत नाही हे कटू आहे पण सत्य आहे.

हिशोबी_माणूस

कॅल्क्युलेटर न बघता? अहो माझ्याकडे येणाऱ्या फायलीत सगळ्यात कडक हिशोब त्यांचा असतो. पाच खोल्यांची फाईल मी आजवर एकाही पटेलाची बघितली नाही, कारण त्यांना माहितीय पाच खोल्यांत काही उरत नाही. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे.

टेंपेची_ताई

मी इथे फक्त वाचत असते, लिहीत नाही. पण मिरजकर, तुमचं ते शेवटचं वाक्य वाचून हात थरथरायला लागले म्हणून लिहिते.

आम्ही चालवलंय मोटेल. १९९४ ते २०००. अॅरिझोनात, जुन्या हायवेवर, गावाचं नाव सांगत नाही. बावीस खोल्या. ह्यांची इंजिनियरिंगची नोकरी गेली होती, होती नव्हती ती पुंजी घातली. ऑफिसच्या मागे दोन खोल्या, त्यात आम्ही चौघं राहायचो. रात्री दोनला बेल वाजली की उठायचं, कोण दारू पिऊन आलाय, कोणाला टॉवेल हवाय. माझी मुलगी काउंटरच्या खाली स्टुलावर बसून होमवर्क करायची, वर गिऱ्हाईक असायचं आणि खाली ती पाढे म्हणायची. हाताला कायम ब्लीचचा वास. पोळ्या करताना सुद्धा यायचा. रोज चाळीस-पन्नास चादरी, ड्रायर एकच, आणि खोलीच्या चाव्यांना पितळेचे बिल्ले असायचे ते लोक खिशात घालून घेऊन जायचे, मग नवे करा. समोर मोठ्या चेनचं हॉटेल उघडलं आणि सहा वर्षांनी आम्ही हात टेकले. ह्यांची पाठ गेली ती कायमची.

तेव्हा मराठी माणसाला जमत नाही, हिंमत नाही, हे घरात बसून टाइप करू नका. आम्ही उडी मारली होती. आम्हाला पकडायला खाली कोणी नव्हतं.

मिरजकर

ताई, तुम्हाला दुखवायचं नव्हतं. पण मी तरी काय वेगळं म्हणतोय? जमलं नाही असंच तुम्हीही सांगताय ना.

टेंपेची_ताई

नाही, तसं नाहीये! नीट वाचा.

आमच्यापासून अर्ध्या मैलावर नवसारीकडच्या एका कुटुंबाचं मोटेल होतं. त्यांनी सुरुवात केली तेव्हा बँकेने दारात उभं केलं नव्हतं. पैसे कुठून आले, तर टेक्ससचे मामा, टेनेसीचे चुलते, गावातले आणखी कोण, प्रत्येकाने पाच-दहा हजार दिले. कागद नाही, व्याज नाही. हातउसने. त्या काळी विमा कंपन्या भारतीय मालक म्हटलं की नाही म्हणायच्या, समोरचे गोरे मोटेलवाले बाहेर 'अमेरिकन ओन्ड' अशी पाटी लावायचे, मी डोळ्यांनी बघितल्यात त्या पाट्या. तरी ते टिकले, कारण एक बुडायला लागला की दहा जण हात द्यायचे. आमचा बॉयलर जानेवारीत बंद पडला तेव्हा त्या काकांनी रात्री अकराला मुलाला पाठवलं, त्याने पहाटेपर्यंत बसून दुरुस्त केला, एक पैसा घेतला नाही. काकू डबा द्यायच्या.

आणि आपले लोक? ज्यांच्याकडे दर गणपतीला आम्ही शंभर मैल गाडी चालवून जायचो, त्यांच्यापैकी तिघांकडे ह्यांनी शब्द टाकला. सहा महिन्यांसाठी आठ हजार हवे होते. एकाने सांगितलं मुलाच्या कॉलेजचं बघतोय. दुसऱ्याने फोन उचलणं बंद केलं. तिसरा म्हणाला, "मोटेल? अहो, ते आपलं काम आहे का?" हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. आपलं काम म्हणजे कोणतं? चादरी धुणं हलकं काम का?

चिंचबन

ताई, तुमच्या पोस्टवर काय लिहावं कळत नाही. नमस्कार घ्या.

फक्त पटेलांच्या सुरुवातीबद्दल थोडी भर. १९४० च्या दशकात सॅक्रॅमेंटोत कानजी देसाई म्हणून गृहस्थांनी जे हॉटेल चालवायला घेतलं, तिथून ही साखळी सुरू झाली असं मानतात, आणि ते हॉटेल आधी एका जपानी अमेरिकन मालकाकडे होतं, ज्याला दुसऱ्या महायुद्धात नजरबंदीच्या छावणीत पाठवलं गेलं. म्हणजे एकाचं उठलं तेव्हा दुसऱ्याचं बसलं. पुढे ७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले, नवे इंटरस्टेट हायवे जुन्या रस्त्यांना वळसा घालून गेले, गोरे मालक कंटाळून मोटेलं फुंकून टाकत होते, ती यांनी घेतली. हिंमत होतीच, पण वेळही तशी आली होती.

मिरजकर

वेळ सगळ्यांनाच सारखी आली होती. तेव्हा आपलेही लोक इथे होते, पीएचडी करत होते. मला सांगा, ज्याने 'ते आपलं काम आहे का' म्हटलं त्याच्यावर मी टीका केली तर मी वाईट, आणि ताईंनी केली तर नमस्कार?

टेंपेची_ताई

तुम्ही टीका त्याच्यावर केली नाहीत. तुम्ही सरसकट केलीत, त्यात माझा नवराही आला. दोन्हीत फरक आहे.

चिंचबन

मिरजकर, एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही स्वतः कोणाला हातउसने दिलेत का कधी? धंद्यासाठी?

मिरजकर

हा वैयक्तिक प्रश्न आहे. उत्तर देणार नाही.

चिंचबन

ठीक आहे. मिळालं उत्तर.

मिरजकर

काय मिळालं? २००९ ला भावाला दिले होते, पंधरा लाख, मिरजेला वाद्यांच्या दुकानासाठी. परत आले नाहीत आणि भाऊही बोलत नाही. झालं समाधान? म्हणून मी बोलतो. हवेतून बोलत नाही.

निवांत_नाना

मंडळी, जरा दमानं घ्या. मिरजकर, भावाचं वाचून वाईट वाटलं.

मी मूळ विषयावर येतो. रानवारा, तुमचं सगळं पटतं, पण नावाला इतकं हिणवू नका. मी मुलाबरोबर कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री इनला जाऊन आलोय. माझा मुलगा कंट्री-रॉकचा वेडा. तिथे आठ नंबरच्या खोलीत १९७३ च्या १९ सप्टेंबरला गायक ग्रॅम पार्सन्स वारला. सव्वीस वर्षांचं पोर, मॉर्फिन आणि दारू. घरचे मृतदेह लुइझियानाला नेणार होते, तर त्याच्या मॅनेजरने आणि आणखी एका दोस्ताने विमानतळावरून शवपेटीच पळवली आणि वाळवंटातल्या कॅप रॉक नावाच्या खडकापाशी नेऊन पेट्रोल ओतून पेटवली, कारण त्याने म्हणे तशी इच्छा सांगून ठेवली होती. अर्धवट जळलं. शिक्षा काय झाली, तर शवपेटी चोरल्याचा दंड. मला हे सगळं ऐकून अंगावर काटा आला होता, अंत्यसंस्काराची ही काय तऱ्हा.

पण तिथे गेल्यावर बघितलं, अंगणात त्याच्या नावाची जागा केलीय, लोक गिटारच्या तारा, नाणी, मेणबत्त्या ठेवून जातात. आमच्यासमोर साठीतली एक बाई आली, दहा मिनिटं उभी राहिली, डोळे पुसले आणि गेली. ती खोली घ्यायला लोक रांगा लावतात. आता सांगा, ते नाव नसतं तर त्या साध्या एकमजली मोटेलसारख्या जागेकडे कोण वळलं असतं? कधीच कोणीतरी पाडून दुसरं काही बांधलं असतं.

रानवारा

नाना, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला हे फार खटकतं. एक मुलगा ज्या खोलीत तडफडून मेला त्या खोलीत झोपायचे पैसे द्यायचे? तुमच्या-माझ्या घरात जवान माणूस गेलं तर ती खोली आपण महिनोन्महिने उघडत नाही. त्या आईने काय म्हणायचं?

निवांत_नाना

तुम्ही म्हणता ते आपल्या रीतीने खरं आहे. पण आपण समाधीवर जातोच की. जिथे माणूस गेला तिथेच दिवा लावतो आणि तिथेच गावं वसतात. आळंदी कशी मोठी झाली? ती बाई तिथे मौज करायला आली नव्हती, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

उंबरा

नाना, समाधी आणि ओव्हरडोस एका मापात मोजू नका. बाकी तुमचा अनुभव खरा आहे, तो नाकारत नाही.

हिशोबी_माणूस

नानांचं उदाहरण हिशोबाने बघा. जोशुआ ट्री नॅशनल पार्कला वर्षाला तीस लाखाच्या घरात लोक येतात. त्यातले थोडे त्या इनला वळतात. नावामुळे आठ नंबर भरत असेल, बाकीच्या खोल्या पार्कमुळे भरतात. निप्टनला तसं काय आहे? मोहावी प्रिझर्व्ह हा राखीव वाळवंटी भाग आहे, पण गर्दी नाही. आय-१५ वरचा माणूस वेगासला पोचायच्या घाईत असतो, तो दहा मैल आत कशाला वळेल? निप्टनच्या दुकानात गर्दी होते ती एकाच कारणाने, नेवाडात लॉटरी नाही म्हणून जॅकपॉट वाढला की वेगासचे लोक तिकिटं काढायला येतात. तिकीट काढतात आणि जातात. राहत नाहीत.

टेंपेची_ताई

हिशोबी, मग अॅरिझोनातल्या विन्स्लोचं ला पोसाडा हॉटेल कसं चालतं ते सांगा. टेंपेहून चार तासांच्या आत आहे, आम्ही दर दोन वर्षांनी जातो. मेरी कोल्टरने बांधलेलं, १९३० ला उघडलं, रेल्वेचं हॉटेल, मोठमोठी माणसं उतरायची, आइनस्टाइनपासून. १९५७ ला बंद केलं, सामान लिलावात फुंकलं, नंतर रेल्वेने आत ऑफिसं केली, छतं खाली आणून ट्यूबलाइट लावल्या. पाडायचंच बाकी होतं. १९९७ ला अॅलन अॅफेल्टने घेतलं आणि बायकोला घेऊन तिथेच राहायला गेला. बायको चित्रकार, तिची चित्रं भिंतींवर आहेत. तेव्हा विन्स्लोत तरी कोण वळत होतं? मी तेव्हा त्याच हायवेवर धंद्यात होते, मला विचारा, संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नसायचं. आज खोली मिळत नाही आधी सांगितल्याशिवाय. बागेतून चालत गेलं की समोर रूळ आणि आगगाडी, अजून प्रवासी गाडी थांबते तिथे.

मी मोटेल चालवलंय म्हणून सांगते, गिऱ्हाईकाला आत शिरल्या शिरल्या कळतं मालक इथे राहतो की नाही. दिव्याच्या बटणापाशी हाताचे डाग पुसलेत का, नळ ठिबकतोय का, खिडकीच्या खाचेत वाळू साठलीय का. वाळवंटात ही वाळू रोज काढावी लागते हो. रोज. एक आठवडा सोडलं की खिडकी सरकत नाही.

हिशोबी_माणूस

ला पोसाडा चालतं हे मान्य. पण तिथे पाच खोल्या नाहीत, कितीतरी जास्त आहेत, आणि आय-४० शेजारून जातो. तरीही मान्य. खिडकीच्या वाळूचंही मान्य, बंद पडलेल्या हॉटेलांची पाहणी करायला जातो तेव्हा सगळ्यात आधी तेच दिसतं. कर्जाच्या फॉर्मवर मालक कुठे राहतो असा रकाना असतो, आम्ही त्याला फार किंमत देत नाही. कदाचित द्यायला हवी. याच्या पुढे मी जाणार नाही. पावणेतीन मिलियन जास्तच आहेत.

रानवारा

किंमत जास्त आहे हे मीही नाकारत नाही. तुमच्या पोस्टमधलं 'गिळू दे' तेवढं मागे घ्या, माझं भांडण संपलं.

हिशोबी_माणूस

विचार करतो.

*

उंबरा

धागा वर काढतोय, बातमी आहे. निप्टन विकलं गेलं. अडीच मिलियनला. वेगासमध्ये खेळ करणारी स्पीगलवर्ल्ड नावाची सर्कसवाली कंपनी आहे त्यांनी घेतलं. कलावंतांना राहायला, तालमी करायला, नवे खेळ रचायला गाव करणार म्हणतायत. क्लारा बोबद्दल मी वर जे लिहिलं होतं त्याला धरून सांगतो, खेळ करणाऱ्या माणसांना लोकांच्या नजरेपासून लांब राहायला जागा मिळणार असेल तर तिला ते चाललं असतं असं मला वाटतं.

हिशोबी_माणूस

पावणेतीनचे अडीच झाले, म्हणजे किंमत जास्त होती हे माझं म्हणणं बरोबर निघालं. कोणी घेऊ नये म्हणालो होतो, घेतलं. 'गिळू दे' हे वाक्य मी मूळ पोस्टमधून काढलंय. ही माणसं तिथे खरंच राहतात का ते बघू, २०१७ लाही मोठ्या घोषणा होत्या.

मिरजकर

सर्कस म्हटल्यावर राहवत नाही. हा आमच्या भागाचा धंदा! देशातली पहिली सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे आमच्या सांगलीकडचे. घोड्यांचे शिक्षक. १८८० ला मुंबईत पहिला खेळ, साहेबाची सर्कस बघून ईर्ष्येने स्वतःची उभी केली आणि परदेशातही फिरवली. त्यांच्यामागे आमच्या भागातून एकेक सर्कस निघाली, म्हैसाळच्या देवलांची तर माझ्या आजोबांनी बघितलेली, घरी गोष्टी सांगायचे. घोडे, वाघ, तंबू, शे-दोनशे माणसांचं रोजचं जेवण, हे सगळं मराठी माणसाने चालवलंय.

टेंपेची_ताई

मिरजकर, तुम्हीच वर लिहिलं होतं, मराठी माणसाला धंदा जमत नाही हे सत्य आहे. आता ते मागे घेता का?

मिरजकर

छत्र्यांपुरतं घेतो.

टेंपेची_ताई

आणि माझ्या नवऱ्यापुरतं?

मिरजकर

ताई, तुमच्या मिस्टरांबद्दल मी तसं लिहायला नको होतं. त्यांच्यापुरतं आधी घेतो, छत्र्यांचं नंतर. माझा नमस्कार सांगा त्यांना. पाठ कशी आहे आता?

टेंपेची_ताई

थंडीत दुखते. सांगते त्यांना.

रानवारा

मी मार्चमध्ये जाणारे निप्टनला. हॉटेल उघडलं असेल की नाही माहीत नाही, नसलं तर बाहेरून बघून येईन. ताई, तुम्ही दोघं येणार असाल तर किंगमनला भेटू, तिथून माझ्या गाडीतून जाऊ, त्यांना मागची सीट पूर्ण आडवी करून देते. घडीच्या खुर्च्या मी आणते.